अरेपा : मक्याची सारण भरलेली भाकर

मक्याचें पीक घेणाऱ्या आपल्या शेतकरी बंधूंचा त्या धान्याशीं संबंध बहुधा खळें आणि बाजार यांपुढें जात नाहीं. सातपुड्याचा डोंगरी भाग सोडला तर मका बहुतांशीं कोंबड्यांच्या खाद्यास व स्टार्चच्या कारखान्यांस जातो. घरीं खाण्यांत येतात तीं हिरवीं कणसें तेवढीं. परंतु ज्या अमेरिकाखंडांतून हें धान्य जगभर गेलें, तेथील कित्येक देशांत तें रोजचें अन्न आहे. दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेस असलेल्या व्हेनेझुएला व कोलंबिया या देशांत न्याहारीस किंवा रात्रीच्या जेवणास मक्याची एक जाड, वाटोळी भाकर करतात. तिला 'अरेपा' म्हणतात. ती आपल्या घरच्या दाण्यापासून कशी करावी, तें येथें सांगावयाचें आहे.

आरंभींच एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आपली भाकरी कच्च्या पिठाची असते. अरेपा शिजविलेल्या दाण्याच्या पिठाची असते. आमच्या घरीं पहिल्या वेळीं याच ठिकाणीं चूक झाली. गिरणींतून दळून आणलेलें मक्याचें पीठ पाण्यांत भिजवून जाड भाकरी थापल्या. त्या कडेनें फुटल्या, आंत कच्च्या राहिल्या आणि अखेर गाईच्या दावणींत गेल्या. मक्याच्या पिठांत गव्हाचा चिकटपणा नसतो. त्यांतील सत्त्व पाण्यांत शिजून फुगलें म्हणजेच पीठ एकजीव होतें. मोदकासाठीं तांदुळाच्या पिठाची उकड काढतात, तिचें कारणही हेंच होय. बाजारांत मिळणारें कॉर्नफ्लोअर हें केवळ सत्त्व असल्यामुळें तेंही येथें उपयोगी पडत नाहीं.

प्रथम अर्धा किलो वाळलेला मका निवडून घ्यावा. पांढरा मिळाल्यास उत्तम, पिवळाही चालतो. बुरशी धरलेले दाणे काढून टाकावे आणि औषध लावलेलें बियाणें तर खाण्यास मुळींच घेऊं नये. दाण्यांवर पाण्याचा हबका मारून ते उखळांत हलक्या हातानें कांडावे, म्हणजे साल व अंकुर सुटतात. सुपानें पाखडून कोंडा गुरांस घालावा. नंतर मका भरपूर पाण्यांत मऊ होईपर्यंत शिजवावा. दाणा बोटानें चेपला जावा, पण त्याचा लगदा होऊं नये. मका निवला कीं पाणी पूर्ण निथळून तो पाट्यावर बारीक वाटावा. मीठ घालून मळावा व थोडा वेळ झांकून ठेवावा.

लहान पेरूएवढा गोळा घेऊन तो हातावर चार बोटें रुंद व बोटभर जाड थापावा. कडेस भेगा पडूं लागल्यास पाण्याचा हात लावून गोळा पुन्हा मळावा; भेगा पडल्या म्हणजे पीठ कोरडें आहे असें समजावें. व्हेनेझुएलांत या भाकरीसाठीं मातीचा किंवा लोखंडाचा सपाट तवा वापरतात. त्यास 'बुदारे' म्हणतात. आपला बिडाचा तवा तेंच काम करतो. किंचित तेल पुसून मध्यम आंचेवर दोन्ही बाजूंस खरपूस पापुद्रा येऊं द्यावा. पुढें आंच मंद करून, उलटसुलट करीत, सुमारें पाव तास भाजावी. बोटानें ठोकल्यावर पोकळ आवाज आला म्हणजे ती झाली. अर्ध्या किलोच्या सुमारें आठ होतात.

गरम असतांनाच कडेनें चीर देऊन सारण भरावें. शिजविलेला काळा राजमा व किसलेलें पांढरें चीज भरलेल्या अरेपास रंगांवरून 'डोमिनो' असें नांव आहे. कोंबडीचें मांस व अव्होकॅडो यांच्या सारणाची 'रेइना पेपियादा' प्रसिद्ध आहे. 1955 साली जागतिक सौंदर्यस्पर्धा जिंकणाऱ्या व्हेनेझुएलाच्या सुसाना दुइम यांच्या सन्मानार्थ तें नांव पडलें. आपल्याकडे घट्ट झुणका किंवा वांग्याचें भरीत यांनींही काम उत्तम भागतें.

कांडण्याचे व वाटण्याचे हे कष्ट तेथेंही पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांच्याच वाट्यास होते. लुइस कॅबायेरो मेखियास या व्हेनेझुएलाच्या अभियंत्यानें 1954 साली आधींच शिजवून वाळविलेल्या मक्याच्या पिठाचें एकस्व घेतलें, आणि 1960 पासून 'हरीना पान' या नांवानें असें पीठ पुड्यांतून विकलें जाऊं लागलें. त्यांत पाणी व मीठ घालून मळलें कीं काम झालें. स्त्रियांचे कष्ट वांचले, हें मोठेंच हित झालें. परंतु पुढें त्या देशावर आर्थिक संकट कोसळलें आणि 2016 च्या सुमारास हें पीठ दुकानांतून दिसेनासें झालें. पुड्यासाठीं लोक तासन्‌तास रांगेंत उभे राहिले. ज्या घरांत हातयंत्र होतें आणि मका शिजवून दळण्याची रीत आठवणारी एखादी वृद्ध स्त्री होती, तेथें मका मिळाला तर अरेपा होऊं शकली.

आपल्या घरीं तर मका पोत्यांनीं पडलेला असतो. तोच कारखान्यांतून पुड्यांत भरून आला कीं आपण त्याची किंमत मोजतों. यंदाचा मका विकण्यापूर्वी दोन पायल्या निवडून घरीं ठेवाव्या आणि ही रीत घरांतील मुलासुनांनीं एकदां तरी स्वतःच्या हातानें करून पाहावी, एवढीच सूचना आहे.