पुरानंतरची कावीळ : वैद्य व औषधविक्रेते यांचे कर्तव्य

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे दोन नद्यांनी एकत्र बांधलेली आहेत. बोरघाटाच्या डोंगरांतून निघालेली उल्हास कर्जत-नेरळमार्गे बदलापुरास येते. वालधुनी अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिरास वळसा घालून उल्हासनगरातून वाहत कल्याणच्या परिसरात उल्हासेस मिळते. पावसाळ्यात या नद्या पात्र सोडतात, हे येथील रहिवाशांस नवे नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस झाला, तेव्हा उल्हास नदीकाठही जलमय झाला होता. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांस बाहेर काढावे लागले. २०२१ च्या जुलैतही बदलापूरच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले.

पाणी ओसरले की वृत्तपत्रांचे लक्ष ओसरते. आमच्या चिकित्सालयांतील गर्दी मात्र त्यानंतर वाढू लागते. या गर्दीतील ज्वर आणि कावीळ यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे, कारण येथे झालेल्या चार दिवसांच्या विलंबाची भरपाई पुढे कोणत्याही औषधाने होत नाही.

शास्त्रातील आधार

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय, जनपदोद्ध्वंसनीय, आपण सर्वांनी अभ्यासलेला आहे. वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव दूषित झाले असता भिन्न प्रकृतीच्या माणसांनाही एकाच वेळी एकच व्याधी होतो, असे तेथे प्रतिपादन आहे. महापूर हे याचे प्रत्यक्ष उदाहरण होय. पाणी बिघडते, जमीन बिघडते आणि वर्षाऋतूमुळे मंदावलेला अग्नी त्यात भर घालतो. त्याच अध्यायात गंगातीरी विचरणारे भगवान आत्रेय अग्निवेशास सांगतात की, भूमीचा रस नष्ट होण्यापूर्वीच औषधी गोळा करून ठेवाव्यात. आजच्या भाषेत सांगावयाचे तर तयारी जूनमध्ये करावयाची असते, पूर आल्यावर नव्हे.

एकाच नावाचे दोन भिन्न व्याधी

आपल्याकडे कावीळ म्हटली की रुग्णाचे नातेवाईक प्रथम झाडपाल्याचे औषध शोधतात आणि तेल-तूप बंद करतात. वैद्याच्या मनातही ‘कामला’ हे निदान सहज उमटते व पाठोपाठ विरेचनाचा विचार येतो. परंतु पुरानंतर डोळे पिवळे करणारे निदान दोन गट आपल्यासमोर असतात.

पहिला गट दूषित पाण्यातून होणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई यांचा. दुसरा लेप्टोस्पायरोसिसचा. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मूत्रातून बाहेर पडलेले लेप्टोस्पायरा जंतू साचलेल्या पाण्यात व चिखलात राहतात आणि पायाच्या लहानशा जखमेतून, भेगांतून किंवा डोळ्यांच्या व तोंडाच्या आवरणातून शरीरात शिरतात. याच्या तीव्र स्वरूपाचे वर्णन जर्मन वैद्य अडॉल्फ वाइल यांनी १८८६ मध्ये केले, तर जंतूचा शोध जपानी संशोधकांनी १९१५ च्या सुमारास लावला.

या दोहोंतील पहिला भेद कालाचा आहे. लेप्टोस्पायरोसिस संपर्कानंतर बहुधा ५ ते १४ दिवसांत प्रकट होतो. हिपॅटायटिस ए व ई यांना साधारणतः दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंतचा अवधी लागतो. म्हणून पाणी ओसरल्यावर पहिल्या पंधरवड्यात ज्वरासह कावीळ दिसली, तर लेप्टोस्पायरोसिसचा विचार प्रथम करावा.

दुसरा भेद ज्वराचा. विषाणुजन्य काविळीत डोळे पिवळे होण्याच्या सुमारास ज्वर बहुधा उतरतो. अरुची व मळमळ राहते. लेप्टोस्पायरोसिसमध्ये कावीळ दिसत असताना ज्वर टिकून असतो. त्यासोबत तीव्र शिरःशूल, कंबर व विशेषतः पोटऱ्यांत असह्य वेदना आणि डोळ्यांत चिपडाविना लाली आढळते. पोटऱ्या हलके दाबून पाहण्यास अर्धा मिनिटही लागत नाही. ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी.

तिसरा भेद तपासणीचा. विषाणुजन्य काविळीत यकृताची एन्झाइमे पुष्कळदा हजारांच्या घरात जातात. लेप्टोस्पायरोसिसमध्ये बिलिरुबिन खूप वाढूनही एन्झाइमे त्या मानाने माफकच वाढतात. उलट क्रिएटिनिन वाढते व प्लेटलेट घटतात. आयजीएम चाचणी पहिल्या पाच-सहा दिवसांत निर्दोष येऊ शकते. तेवढ्यावरून रुग्णास घरी पाठवू नये.

डोळे, मुख, वांती, मल व मूत्र यांत रक्तता दिसणारा कामलारोगी चरकांनी असाध्य मानला आहे. व्याधींची नावे एकास एक जुळवण्याचा आग्रह आम्ही धरीत नाही. परंतु लाल डोळे, रक्तस्राव आणि कावीळ एकत्र आली की धोका आहे, ही जाण आपल्या ग्रंथात पूर्वीपासून आहे.

चिकित्सेत काय टाळावे

नवज्वरात शोधन करू नये हा शास्त्राचाच दंडक आहे. ज्वर असलेल्या, पाणी घटलेल्या, नाडी क्षीण झालेल्या रुग्णास ‘कामला’ म्हणून विरेचन देणे म्हणजे आधीच खाली जाणारा रक्तदाब आणखी खाली ढकलणे होय. लेप्टोस्पायरोसिसमध्ये वृक्कांवर आघात होतो. मूत्राचे प्रमाण घटले असल्यास यवक्षारासारखे पोटॅशियमयुक्त क्षार आणि वारंवार नारळपाणी यांनी अपाय होऊ शकतो. अशा अवस्थेत रसकल्पही देऊ नयेत.

या व्याधीवर प्रतिजैविकांची चिकित्सा आहे आणि ती जितक्या लवकर सुरू होईल तितकी उपयुक्त ठरते. म्हणून संशय येताच, कावीळ दिसण्याची वाट न पाहता, रुग्णास रुग्णालयात पाठवावे. मूत्र कमी होणे, धाप, खोकल्यातून रक्त, ग्लानी किंवा असंबद्ध बोलणे यांपैकी एकही लक्षण असल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. उल्हासनगरचे शासकीय मध्यवर्ती रुग्णालय व आपल्या शहरातील इतर रुग्णालये यांचे दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लावलेले असावेत. सोबतच्या चिठ्ठीवर ज्वराचा दिवस, पुराच्या पाण्याशी आलेला संपर्क आणि आपण दिलेली औषधे स्पष्ट लिहावीत.

गर्भिणीची कावीळ हा स्वतंत्र विषय आहे. हिपॅटायटिस ई गर्भावस्थेच्या शेवटच्या तिमाहीत प्राणघातक ठरू शकतो. अशा रुग्णेस एक दिवसही चिकित्सालयात रोखून ठेवू नये.

गुडघाभर पाण्यातून गेलेल्या, पायास जखम असलेल्या व्यक्तींस आरोग्य विभागाकडून ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिनची प्रतिबंधक मात्रा दिली जाते. गर्भिणी व आठ वर्षांखालील बालके यांस ती देत नाहीत. आपले काढे याचा पर्याय आहेत असे कोणीही रुग्णास सांगू नये. अग्निदीपनासाठी सुंठीचे पाणी व लघु आहार यांचे स्थान आहेच, पण ते सोबत; ऐवजी नव्हे.

औषधविक्रेत्यांस विनंती

ज्वराचा रुग्ण पुष्कळदा वैद्याआधी आपल्या दुकानाची पायरी चढतो. ‘अंग फार दुखते, जोरदार गोळी द्या’ ही त्याची मागणी असते. या दिवसांत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक चिठ्ठीविना देऊ नये. डेंग्यूत त्यांनी रक्तस्राव वाढतो, लेप्टोस्पायरोसिसमध्ये वृक्कांस इजा होते. ‘पाण्यातून चालला होता का?’ हा एक प्रश्न विचारून रुग्णास वैद्याकडे पाठविणे ही फार मोठी सेवा आहे.

अतिसारासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे, २४५ ऑस्मोलॅरिटीचे ओआरएस द्यावे. गोड पेयांवर ‘ओआरएस’ लिहिण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे. बालकांस त्यासोबत १४ दिवस जस्ताची गोळी सांगावी.

दुकानात पाणी शिरले असेल तर भिजलेली चूर्णे, वटी आणि काढ्याची पुडकी उन्हात वाळवून परत मांडू नयेत. बुरशीचे विष वाळवल्याने जात नाही. पाण्यात बुडालेल्या आसवारिष्टांच्या बाटल्याही, बूच घट्ट असले तरी, वेगळ्या काढाव्यात. बॅच क्रमांकासह यादी करून वितरकास कळवावे. नुकसान होते हे खरे. पण तो माल कोणाच्या तरी पोटात जाणार असतो. जूनपूर्वीच खालचे फळे रिकामे करणे हा त्यावरील स्वस्त उपाय आहे.

पाण्याविषयी

पाणी खळखळून उकळू लागल्यावर किमान एक मिनिट उकळत ठेवावे आणि झाकूनच निववावे. गृहसंकुलाच्या जमिनीखालील टाकीत पुराचे पाणी गेले असेल तर ती उपसून, घासून, निर्जंतुक करूनच पुन्हा भरावी. शुद्धीकरणासाठी दर १००० लिटर पाण्यास सुमारे २.५ ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर व एक तासाचा अवधी हे सर्वमान्य प्रमाण आहे.

आपल्या परिसरापुरती एक गोष्ट निराळी सांगितली पाहिजे. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनीत रसायन सोडले गेल्याने उल्हासनगरातील शेकडो नागरिकांस श्वसनाचा त्रास झाला होता. उकळल्याने जंतू मरतात, रसायने जात नाहीत. ज्या पाण्यास उग्र वास, रंग वा तवंग आहे, ते उकळूनही पिऊ नये. अंगास लागल्यास स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावे.

चिखल उपसणाऱ्या रुग्णांस गमबूट घालावयास, जखम पाणी न शिरणाऱ्या पट्टीने झाकावयास आणि घरातील वीजजोडणी तपासल्याविना बटण न दाबण्यास सांगावे.

व्यवसायबंधू-भगिनींनो, कोणता रुग्ण आपल्याकडे ठेवावा आणि कोणता तत्काळ पुढे पाठवावा, हे ओळखणे हाही वैद्याचा गुणच आहे. साध्यासाध्यत्वाचा विचार आपल्या शास्त्राने चिकित्सेच्या आधी मांडला, तो याचसाठी. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या टेबलावर तीन प्रश्न लिहून ठेवावेत : पाण्यातून गेला होतात का? पोटऱ्या दुखतात का? लघवी कमी झाली आहे का? तीन उत्तरांपैकी दोन ‘होय’ आली, तर लेखणी औषधाकडे न वळता प्रथम रुग्णालयाच्या चिठ्ठीकडे वळावी, एवढीच विनंती.