कपास किसान ॲप अडकतं कुठे?



सीसीआयला कापूस द्यायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी आणि स्लॉट दोन्ही लागतात. २०२५-२६ साठी हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल आहे. स्लॉट हुकला की माल खासगीत, मिळेल त्या भावाने जातो. म्हणून ॲप फिरत राहिलं की जीव वर-खाली होतो, ते खरंच आहे.

पहिली अडचण फोटोची. मोबाईलने काढलेला सातबाऱ्याचा फोटो सहज ४ एमबीचा असतो. आपल्याकडे शेतात १०० केबीपीएसचा वेग मिळाला, तर तो चढायला पाच मिनिटांच्या वर लागतात. तेवढ्यात ओटीपीची मुदत संपते. तोच फोटो ३०० केबीचा केला तर पाऊण मिनिटाच्या आत जातो. सोपा उपाय: फोटो घरच्याच दुसऱ्या नंबरवर व्हॉट्सॲपने पाठवा (एचडी नको) आणि तिथून परत मागवा, आकार आपोआप उतरतो. सातबाऱ्यावरची अक्षरं आणि कापसाचा पेरा वाचता येतो का, ते मात्र मोठं करून पाहून घ्या.

दुसरं, ओटीपी पाहायला ॲपच्या बाहेर जाऊ नका. कमी रॅमचा फोन मागचं ॲप बंद करतो, मग पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात! स्क्रीन वरून खाली ओढली की मेसेज तिथंच दिसतो. फोन भरलेला असेल तर जुने व्हिडिओ काढा, ॲपची 'कॅशे' साफ करा. 'डेटा' साफ करू नका, लॉगिन परत करावं लागेल.

चक्र फिरत असताना बटण दहादा दाबून काही होत नाही. दर दाबण्यागणिक सर्व्हरकडे नवी मागणी जाते, आधीच तिथं यार्डाच्या गेटासारखी रांग असते. एकदा दाबा, मिनिटभर थांबा.

एवढं करूनही स्लॉट भरलेला दिसला, तर तो फोनचा दोष नाही. केंद्राची रोजची खरेदी ठरलेली असते. पुढच्या सात दिवसांतला दुसरा दिवस पाहा. स्लॉट मिळाला की लगेच स्क्रीनशॉट काढा आणि कापूस वाळवूनच न्या. १२ टक्क्यांवर ओलावा गेला तर गाडी परत येते.

ओटीपी कोणालाच सांगू नका, ओळखीच्या व्यापाऱ्यालाही नाही. तुमच्या नोंदणीवर दुसऱ्याचा माल जाऊ शकतो. जमत नसेल तर आधार, सातबारा आणि नोंदवलेला मोबाईल घेऊन कंपनीच्या आष्टी कार्यालयात या, आपण बसून करून घेऊ.

– कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी, आष्टी