देणगीदारांचे दफ्तर संगणकात जाते तेव्हा

मार्च महिना उजाडला की सामाजिक संस्थांच्या कार्यालयांतील दूरध्वनी अधिक खणखणू लागतात. 'पावती अजून मिळाली नाही', 'पावतीवर पॅन चुकीचा पडला आहे', 'मागील वर्षी दोन पावत्या आल्या होत्या, यंदा एकही नाही', अशा तक्रारींचा तो हंगाम असतो. देणगी देणारा पुण्या-मुंबईत, संस्था गडचिरोलीच्या जंगलात आणि दोघांमधला दुवा म्हणजे कपाटातील एक जाड नोंदवही, ही आपल्याकडील अनेक संस्थांची वर्षानुवर्षांची स्थिती. ती नोंदवही संगणकात नेणाऱ्या प्रणालीला जगभर 'डोनर मॅनेजमेंट सॉफ्टवेअर' म्हणतात. आपण तिला देणगीदार व्यवस्थापन प्रणाली म्हणू. नाव जड असले तरी काम साधे आहे : कोणी, केव्हा, किती आणि कशासाठी दिले व त्याला आपण काय कळविले, याचा विसर पडू न देणे.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच होते. या वनप्रदेशाचे आणि शहरी मराठी देणगीदाराचे नाते जुने आहे. वरोऱ्याची महारोगी सेवा समिती १९४९ सालची, हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ चा, पुढे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची 'सर्च' आणि कुरखेड्याची 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' अशा संस्था उभ्या राहिल्या. वर्तमानपत्रातील लेख वाचून, व्याख्यान ऐकून किंवा प्रकल्प पाहून परतल्यावर लोकांनी मनीऑर्डरी आणि धनादेश पाठविले. 'लोकसत्ता'ने २०११ साली सुरू केलेल्या 'सर्वकार्येषु सर्वदा'सारख्या उपक्रमातून एकेका संस्थेकडे अल्पावधीत अनोळखी देणगीदारांचे धनादेश येऊ लागले. मोठ्या नावाच्या संस्था असा ओघ पेलतात, त्यांच्याकडे माणसे असतात. खरी परीक्षा होते ती लहान संस्थेची.

समजा, आरमोरीत अशी एक संस्था आहे. कोसा काढणाऱ्या कुटुंबांतील मुलींसाठी ती वसतिगृह चालविते. कार्यालयात दोन टेबले, एक संगणक आणि हिशेब सांभाळणारा एकच कार्यकर्ता. तोच धान्य आणतो, तोच बँकेत जातो. देणगीदार सहाशे. त्यांतील निम्मे एकदाच देऊन गेलेले, शंभरेक दरवर्षी न चुकता देणारे. ही शंभर नावे त्या कार्यकर्त्याला पाठ आहेत. तो उद्या नोकरी सोडून नागपूरला गेला, तर संस्थेचे काय जाईल, याचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात मांडलेला नसतो.

बहुतेक संस्था यावर एक्सेलचा तक्ता करतात. तो वाईट नव्हे; पण त्यात प्रत्येक देणगीची एक ओळ असते आणि दरवेळी नाव-पत्ता नव्याने टंकला जातो. दहा वर्षांत एकच माणूस दहा ओळींत, चार पत्त्यांवर आणि तीन प्रकारे लिहिलेल्या आडनावाने राहू लागतो. व्यवस्थापन प्रणालीचा मूळ विचार वेगळा आहे. तेथे व्यक्तीची नोंद एकदाच होते, तिला एक क्रमांक मिळतो आणि देणग्या, पत्रे, भेटी, पावत्या यांच्या स्वतंत्र नोंदी त्या क्रमांकाला जोडल्या जातात. पत्ता बदलला तर एका ठिकाणी बदलायचा. जुनी पावती जुन्याच पत्त्यासह शाबूत राहते, नवे पत्र नव्या पत्त्यावर जाते. हा भेद ज्याला उमगला, त्याला निम्मे सॉफ्टवेअर समजले असे म्हणण्यास हरकत नाही.

दुबार नावांचा प्रश्न आपल्याकडे विशेष गहन आहे. धनादेशावर रोमन लिपीत आद्याक्षरे, पत्रावर देवनागरीत पूर्ण नाव, यूपीआयने पैसे आले तर केवळ मुलाने उघडून दिलेल्या खात्याचे नाव! 'चौधरी' हे आडनाव रोमन लिपीत किती प्रकारे लिहिले जाते, हे मोजून पाहावे. परदेशी प्रणाली सारखी दिसणारी नावे शोधून दाखवितात, पण त्यांचे आडाखे इंग्रजी नावांवर बेतलेले असतात. म्हणून नावापेक्षा भ्रमणध्वनी क्रमांक आणि पॅन यांवरून जुळणी करणे आपल्याकडे अधिक खात्रीचे. जुळणी झाल्यावरही दोन नोंदी एक करण्याचा निर्णय माणसाने घ्यावा, यंत्राने नव्हे. एकाच घरातील वडील आणि मुलगा एकाच भ्रमणध्वनीवरून देणगी देतात. त्यांना एक करून टाकले तर एकाची करसवलत दुसऱ्याच्या नावावर जाते.

जुन्या याद्यांची आणखी एक अडचण महाराष्ट्रात घरोघरी ओळखीची आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फाँटांत टंकला जाई. त्या याद्या नव्या प्रणालीत ओतल्या की नावांच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. रूपांतराची साधने आहेत. मात्र जोडाक्षरे आणि रफार यांत ती हमखास घोटाळे करतात. 'सौ. उर्मिला' यांना भलत्याच नावाने आभारपत्र जाण्यापेक्षा दोन स्वयंसेवकांनी आठवडाभर बसून यादी वाचलेली बरी.

आणि तिथी! आई-वडिलांच्या स्मरणार्थ दरवर्षी एका दिवसाचे भोजन देणारे देणगीदार हा आपल्या वसतिगृहांचा आणि आश्रमांचा कणा आहे. ते 'वैशाख शुद्ध पंचमी' सांगतात, इंग्रजी तारीख नव्हे. तयार प्रणालीत तिथीचा रकाना नसतो. तारीख नोंदविली तर दुसऱ्याच वर्षी पत्र चुकीच्या दिवशी जाते, आणि ज्याने आईच्या तिथीसाठी पैसे दिले त्याला ते लागते. उपाय साधा आहे. महिना, पक्ष आणि तिथी असे तीन रकाने वाढवावेत, दरवर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास पंचांग पाहून त्या वर्षीच्या तारखा भरून घ्याव्यात. सॉफ्टवेअर निवडताना 'आम्हाला हवे ते रकाने आम्ही वाढवू शकतो काय?' हा प्रश्न म्हणूनच पहिल्या तीन प्रश्नांत असावा.

आता प्राप्तिकराकडे वळू. कारण नोंदीतील चूक तेथे थेट देणगीदाराच्या खिशाला भोवते. पूर्वी संस्थेने '८०जी'चा शिक्का मारलेली पावती दिली की काम भागत असे. आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून व्यवस्था बदलली. संस्थेने वर्षभरातील देणगीदारांचे नाव, पत्ता, पॅन किंवा अन्य ओळख क्रमांक, रक्कम आणि देणगीचा प्रकार यांचे विवरण '१०बीडी' या नमुन्यात ३१ मेपर्यंत प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर भरायचे आणि तेथून निघालेले '१०बीई' प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचे, असा नियम आला. विलंबाला दिवसाला २०० रुपये शुल्क, शिवाय १० हजार ते १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद. १९६१ च्या कायद्याच्या जागी येणाऱ्या २०२५ च्या प्राप्तिकर कायद्यासाठी १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख ठरली आणि कलमांचे क्रमांक बदलले. त्यामुळे प्रणालीत कलमाचे नाव कायमचे कोरून ठेवू नये, ते बदलता यावे.

येथे काही बारकावे आहेत. रोख देणगी २ हजार रुपयांवर असेल तर तिला करसवलत नाही. वस्तुरूप देणगीलाही नाही. म्हणजे तांदळाची पोती आणि रोख पाच हजार यांची नोंद वेगळ्या प्रकारे व्हावी लागते आणि पावतीवरील मजकूरही वेगळा. नवी कररचना स्वीकारणाऱ्या व्यक्तीला ही सवलत मिळत नाही, हेही अनेक देणगीदारांना ठाऊक नसते. पावतीखाली एक ओळ छापली तर मार्चमधील निम्मे दूरध्वनी वाचतील. दुसरीकडे, ज्याचे नाव-पत्ता संस्थेकडे नाही अशी देणगी निनावी ठरते. धर्मादाय संस्थेच्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिच्यावरील निनावी देणगीवर ३० टक्के कर, अशी तरतूद आहे. भिंतीवर लावलेल्या क्यूआर संकेतावरून आलेले शे-दोनशे रुपये कोणाचे, हा प्रश्न त्यामुळे केवळ कुतूहलाचा राहत नाही. बँकेचे विवरण दर आठवड्याला प्रणालीतील नोंदींशी ताडून पाहणे हाच त्यावर इलाज. वर्षअखेरीस हे काम करू म्हणणारे वर्षअखेरीस हताश होतात.

देणगीचा हेतूही नोंदीचाच भाग आहे. 'ही रक्कम कायम निधीत ठेवावी' असे देणगीदाराने स्पष्ट कळविले असेल तरच ती कायम निधीत धरता येते, आणि ते पत्र जपून ठेवावे लागते. ग्रंथालयासाठी आलेला पैसा पगारावर खर्च झाला तर तो निव्वळ हिशेबाचा दोष उरत नाही. चांगली प्रणाली पत्राची प्रत देणगीच्या नोंदीला जोडून ठेवते. लेखापरीक्षक आला की कपाट उपसावे लागत नाही.

परदेशस्थ मराठी देणगीदारांबाबत तर एक रकाना फारच मोलाचा ठरतो, तो म्हणजे नागरिकत्व. अमेरिकेतील मराठी मंडळींनी १९७८ मध्ये महाराष्ट्र फाउंडेशन स्थापन केले, तेव्हापासून इकडच्या कामांना तिकडून साहाय्य येत आले आहे. परंतु कायदा पाहतो तो देणाऱ्याचा पासपोर्ट, त्याची भाषा नव्हे. न्यू जर्सीत राहणारा भारतीय नागरिक स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे देतो, ते परकीय योगदान मानले जात नाही. त्याच्याच शेजारी राहणाऱ्या सख्ख्या बहिणीने अमेरिकी नागरिकत्व घेतले असेल, तर तिची देणगी परकीय ठरते. तशी देणगी स्वीकारण्यास परकीय योगदान नियमन कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते. बहिणीने भावाच्या आग्रहाखातर संस्थेच्या आरमोरीतील बचत खात्यात शंभर डॉलर भरले, तर संस्थेच्या नोंदणीवर गदा येऊ शकते. प्रेमाने दिलेल्या पैशाने संस्था अडचणीत यावी, हे दुर्दैव एका रकान्याने टळते.

सॉफ्टवेअर कोणते घ्यावे? 'रेझर्स एज'सारख्या मोठ्या परदेशी प्रणाली विद्यापीठे आणि रुग्णालये यांच्या मापाच्या आहेत. आरमोरीच्या वसतिगृहाला तो अंगरखा ढगळ होईल. सेल्सफोर्स ही कंपनी पात्र संस्थांना दहा परवाने विनामूल्य देते. मात्र ती मांडणी उभी करून देणारा जाणकार विनामूल्य मिळत नाही. २००५ पासून विकसित होत असलेली 'सिव्हीसीआरएम' ही मुक्तस्रोत प्रणाली परवाना शुल्काविना मिळते. ती सांभाळण्यासाठी सर्व्हर आणि महिन्याला काही तास देणारा तंत्रज्ञ हवा. आपल्याकडे हिशेबासाठी टॅली सर्वत्र आहे. टॅलीला रक्कम कळते, माणूस कळत नाही. म्हणून टॅली काढून टाकू नये. देणग्यांची बेरीज दोन्हीकडे एकच येते ना, हे दरमहा पाहावे. माझ्या मते सहाशे देणगीदारांपर्यंतच्या संस्थेने प्रथम नीट आखलेले दोन तक्ते वापरावेत, एक व्यक्तींचा आणि एक देणग्यांचा, व क्रमांकाने जोडलेले. वर्षभर ती शिस्त टिकली तरच पुढची खरेदी करावी. शिस्त नसताना विकत घेतलेले सॉफ्टवेअर म्हणजे कुलूपबंद रिकामे कपाट होय.

आरमोरीसारख्या ठिकाणी आणखी एक व्यवहार पाहावा लागतो. वीज आणि इंटरनेट दोन्ही गेले असताना दारात आलेल्या देणगीदाराला पावती देता आली पाहिजे. छापील पावतीपुस्तक म्हणून बाद करू नये. त्याची वेगळी क्रममालिका ठेवावी आणि संध्याकाळी नोंदी चढवाव्यात. रद्द झालेली पावतीही फाडून न टाकता 'रद्द' अशी नोंदवावी.

माहिती इंटरनेटवरील सर्व्हरवर ठेवली म्हणजे ती सुरक्षित झाली, हा समज २०२० साली जगभरातील संस्थांना महागात पडला. 'रेझर्स एज' बनविणाऱ्या ब्लॅकबॉड या अमेरिकी कंपनीच्या यंत्रणेत फेब्रुवारी ते मे २०२० दरम्यान खंडणीखोर शिरले होते. कंपनीने खंडणी दिली आणि जुलैमध्ये ग्राहकांना कळविले. १३ हजारांहून अधिक संस्था त्यात पोळल्या. २०२३ मध्ये कंपनीने अमेरिकेतील राज्यांशी ४ कोटी ९५ लाख डॉलरची तडजोड केली. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधनांसाठी १८ महिन्यांची मुदत ठेवली गेली. सुरक्षेत कसूर केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. वसतिगृहाला तेवढा दंड होणार नाही हे उघड आहे. पण देणगीदारांची पॅनसह यादी व्हॉट्सअ‍ॅपवर इकडून तिकडे फिरविण्याची सवय आता मोडावीच लागेल. पॅनचा रकाना फक्त पावत्या करणाऱ्यालाच दिसावा, उत्सवाची निमंत्रणे पाठविणाऱ्या स्वयंसेवकाला नाव-पत्ता पुरे. असे वेगवेगळे अधिकार देण्याची सोय बहुतेक प्रणालींत असते, वापरली मात्र क्वचितच जाते.

या प्रणालींचा सर्वांत मोहक गुण म्हणजे प्रश्न विचारण्याची सोय. मागील वर्षी दिले पण यंदा दिले नाही, असे कोण? पाच वर्षे सलग देणारे कोण? पहिल्या प्रश्नाचे उत्तर हाती आले की दर पंधरवड्याला संदेश पाठविण्याचा मोह होतो आणि देणगीदार वैतागतो. या यादीचा उपयोग दूरध्वनी करून ख्यालीखुशाली विचारण्यासाठी केला तर अनेकदा वेगळेच कळते. पत्र जुन्या पत्त्यावर जात होते, बँक बदलली होती, किंवा ते गृहस्थ वारले होते. अशी नोंद पुसून टाकू नये. 'दिवंगत' अशी खूण करावी, मागणीची पत्रे थांबवावीत आणि कुटुंबीयांना एक पत्र लिहावे, संगणकाने छापलेले नव्हे, हाताने लिहिलेले. ही खूण करण्याची सोय नसलेली प्रणाली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून एक गोष्ट लेखी घ्यावी : करार संपल्यावर आमची सर्व माहिती, पावत्यांच्या प्रतींसह, साध्या तक्त्याच्या स्वरूपात परत मिळेल. आणि बदलाचा मुहूर्त मार्चचा धरू नये. ३१ मेचे विवरण रवाना झाल्यावर, जूनमध्ये जुन्या याद्या तपासायला घ्याव्यात, महिनाभर जुनी वही आणि नवी प्रणाली सोबत चालवावीत, म्हणजे गणेशोत्सवात देणग्यांचा ओघ सुरू होईपर्यंत हात बसलेला असतो.