बंदीचा हुकूम वाचायचा कुठे?

२० ऑगस्ट २०२४. शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर झालेल्या अत्याचाराने संतापलेले लोक बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले आणि दिवसभर हटले नाहीत. उल्हासनगरच्या कॅम्प ४ ची माणसं जिथून लोकल धरतात ते विठ्ठलवाडी स्थानक याच कर्जत मार्गावरचं. संध्याकाळी पोलिसांनी रूळ मोकळे केले. अफवा पसरू नयेत म्हणून बदलापुरातलं इंटरनेट काही दिवस बंद राहील, असंही जाहीर झालं. निर्णय बरोबर होता की चूक, यावर वाद घालता येतो, कारण तो झाला हे सगळ्यांना ठाऊक होतं. शिवाय इंटरनेट बंद करण्याचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, म्हणजे त्यांना न्यायालयात आव्हान देता येईल, असं सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० ला अनुराधा भसीन खटल्यात सांगून ठेवलं आहे.

एखादं संकेतस्थळ बंद होतं तेव्हा मात्र असं काही घडत नाही. पान उघडत नाही, एवढंच कळतं. कधी एखादी त्रोटक ओळ दिसते, कधी तीही नाही. बंदी कुणी घातली, कोणत्या कलमाखाली, किती काळासाठी, याचा पत्ता लागत नाही. माझा आक्षेप आहे तो इथे. लहान मुलांचं लैंगिक शोषण दाखवणारी किंवा लोकांचे पैसे लुबाडणारी संकेतस्थळं बंद झालीच पाहिजेत. पण बंदीचा कागद लपवायचं कारण काय?

मूळ आहे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ मध्ये. २६/११ च्या हल्ल्यानंतर महिना उलटायच्या आत, डिसेंबर २००८ मध्ये, लोकसभेने ही दुरुस्ती गदारोळात, चर्चेविना मंजूर केली. देशाची सार्वभौमता, संरक्षण, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था आणि या बाबींशी निगडित गुन्ह्यांना चिथावणी, एवढीच कारणं त्यात आहेत. २००९ च्या नियमांनी समिती नेमली, लेखी कारणं सक्तीची केली. आणि त्याच नियमांतल्या सोळाव्या नियमाने तक्रार आणि तिच्यावरची कारवाई गोपनीय ठेवायला सांगितलं. सरकारनेच संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०१४ मध्ये ४७१ दुवे बंद झाले होते, २०२० मध्ये ९,८४९ आणि २०२२ मध्ये ६,७७५.

राजकीय पक्षांची या बाबतीतली भूमिका बाकाबरोबर बदलते. मे २०१२ मध्ये माकपचे पी. राजीव यांनी राज्यसभेत इंटरनेटवरील मध्यस्थ कंपन्यांबाबतचे नियम रद्द करण्याचा प्रस्ताव आणला, तेव्हा विरोधी बाकावरच्या अरुण जेटलींनी त्या नियमांवर टीका केली आणि काँग्रेसचे कपिल सिब्बल बचावाला उभे राहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्यावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. त्या अटकेतून उभ्या राहिलेल्या खटल्यात २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ रद्द झालं. ६९अ मात्र टिकलं, कारण त्यात लेखी कारणांची आणि सुनावणीची हमी आहे, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. पण आदेश हातातच पडत नसेल, तर लेखी कारणं वाचायची कुणी?

छापील पुस्तकाची गोष्ट पाहा. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ खाली पुस्तक जप्त करायचं, तर सरकारला कारणांसह अधिसूचना काढावी लागे. आजच्या संहितेतही ती तरतूद आहे. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकाविषयी कुणाचं काहीही मत असो, महाराष्ट्र सरकारच्या बंदीची अधिसूचना हातात होती म्हणूनच नागरिक तिच्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जाऊ शकले. २००७ मध्ये ती रद्द झाली, २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. पुस्तकाच्या वाचकाला असलेला हा हक्क पडद्यावर वाचणाऱ्याला नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये एका व्यंगचित्रावरून 'विकटन' या जुन्या तमिळ नियतकालिकाचं अख्खं संकेतस्थळ दिसेनासं झालं. मद्रास उच्च न्यायालयाने मार्चमध्ये ते व्यंगचित्र तूर्त काढायला सांगून बाकीचं संकेतस्थळ खुलं करायला लावलं. दिवाळी अंक वाचणाऱ्यांनी हे विसरू नये. एका चित्रापायी अख्खा अंक उचलून नेला, तर आपण गप्प बसू का?

असा सरसकट बडगा नको, हे आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्येच सांगितलं होतं. 'डिशूम' चित्रपटाच्या चोरट्या प्रती रोखण्यासाठी 'इरॉस' या चित्रपट कंपनीने संकेतस्थळांची यादी दिली. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी विचारलं, अख्खं संकेतस्थळच बेकायदा आहे याचा पुरावा काय? नुसत्या यादीवर त्यांनी बंदी दिली नाही; दुवे तपासा आणि शपथेवर सांगा, म्हणाले. बंद पानावर तेव्हा एक धमकी झळके: चोरटा चित्रपट पाहिलात तरी तीन वर्षं कैद. नुसतं पाहणं हा कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा नाही, हे सांगून त्यांनी तो मजकूर बदलायला लावला. बंदीची झळ बसलेल्याला तक्रारीसाठी पत्ता द्यावा आणि ४८ तासांत संबंधित खटल्याचा तपशील कळवावा, असं नव्या मजकुरात आलं. चित्रपट उद्योगाचं नुकसान खरं आहे, याच महाराष्ट्राने २००९ मध्ये व्हिडिओ चोरांना 'एमपीडीए' या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली आणलं. तरीही न्यायालयाने तोल सोडला नाही.

उल्हासनगरला हा प्रश्न दूरचा नाही. क्रिकेटच्या सट्ट्यावरच्या छाप्यांच्या बातम्यांत या शहराचं नाव वरचेवर येतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून पार केला. सट्ट्यात घरं बसतात, म्हणून त्या कायद्याचा हेतू मला पटतो. पण सट्ट्याचं संकेतस्थळ नावातला एखादा आकडा बदलून पुन्हा सुरू होतं. वर्तमानपत्राला किंवा एकट्या लेखकाला तसं करता येत नाही. गुप्त बंदीचा मार त्यांनाच अधिक बसतो.

उल्हासनगर आणि अंबरनाथ कल्याण लोकसभा मतदारसंघात येतात, बदलापूर भिवंडीत. नियम १६ मध्ये दुरुस्ती करून, सुरक्षेचा खरोखर नाजूक भाग वगळून, प्रत्येक आदेशाचा क्रमांक, कलम आणि कारण बंद पानावर दाखवणार का, हा प्रश्न या दोन्ही मतदारसंघांच्या खासदारांनी येत्या अधिवेशनात सरकारला लेखी विचारावा.