वर्धन, उन्नयन, न्यूनीकरण : स्तनांवरील सौंदर्यशस्त्रक्रियांची नावे आणि त्यांचा अर्थ

स्तनांचा आकार अथवा ठेवण बदलण्यासाठी ज्या शस्त्रक्रिया आज केल्या जातात, त्यांची मराठी नावे बहुतेक संस्कृत धातूंपासून घडविलेली आहेत. स्तनवर्धन, स्तनोन्नयन व स्तनन्यूनीकरण ह्या तिन्ही शब्दांच्या अंती 'अन' हा क्रियावाचक प्रत्यय आहे. ह्या प्रत्ययाने क्रियेचा बोध होतो. परंतु ती क्रिया कशाच्या साहाय्याने होते, किती काळ टिकते आणि तिच्यामागून काय येते, हे त्याने कळत नाही. एरवी हा दोष मानण्याचे कारण नव्हते. कोणत्याही पारिभाषिक शब्दाकडून इतकी अपेक्षा कोणी करीत नाही. परंतु हेच शब्द संमतिपत्रावर येतात आणि त्यांच्याखाली एका स्त्रीला सही करावयाची असते. म्हणून प्रत्येक शब्दामागील प्रत्यक्ष क्रिया कोणती, हे पाहणे अगत्याचे ठरते.

आरंभी एक गैरसमज दूर करणे इष्ट होईल. 'प्लास्टिक सर्जरी' ह्या नावातील 'प्लास्टिक' म्हणजे बादल्या-डब्यांचे प्लास्टिक नव्हे. घडविणे, आकार देणे ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेले हे विशेषण असून जर्मन शल्यविशारद त्साइस यांनी 1838 साली आपल्या ग्रंथाच्या नावात ते वापरले, तेव्हा आजचे कृत्रिम प्लास्टिक अस्तित्वातही आले नव्हते.

'वर्धन' हा शब्द 'वृध्' म्हणजे वाढणे ह्या धातूचा. स्तनवर्धन म्हटल्यावर स्तन वाढतो असा अर्थ सहजच मनात येतो. वस्तुतः रूढ स्तनवर्धनात स्तनाची ग्रंथी तिळमात्रही वाढत नाही. तिच्या मागे, किंवा तिच्याही मागच्या छातीच्या स्नायूखाली, सिलिकोनच्या कवचाची एक पिशवी बसविली जाते व तिच्यामुळे स्तन पुढे येतो. पिशवीत सिलिकोनचा लगदा असतो, किंवा मिठाचे निर्जंतुक पाणी. पिशवी आत घालण्यासाठी स्तनाखालच्या घडीत, स्तनाग्राभोवतीच्या गडद मंडलाच्या कडेला अथवा काखेत छेद घेतात. पाण्याची पिशवी फुटली तर पाणी शरीरात शोषले जाते आणि स्तन बसलेला तत्काळ दिसतो. सिलिकोनची पिशवी फुटली तर पुष्कळदा बाहेरून काहीच कळत नाही.

ह्या पिशवीला 'इम्प्लांट' म्हणतात, व मराठीत ती बसविण्यास 'रोपण'. हा शब्द मात्र विशेष विचारात घेण्याजोगा आहे. 'रोपण' हे 'रुह्' म्हणजे उगवणे, वाढणे ह्या धातूच्या प्रयोजक रूपापासून झाले आहे. मराठी कानाला त्यात रोप ऐकू येते, भाताची लावणी आठवते. जे रोपले ते रुजावे, ही अपेक्षा शब्दातच आहे. सिलिकोनची पिशवी रुजत नाही. शरीर तिला परकी वस्तू समजून तिच्याभोवती तंतुमय ऊतीचे एक वेष्टन तयार करते. हे वेष्टन सर्वच स्त्रियांत तयार होते व बहुधा ते मऊ राहते. पण काहींत ते आकसते, पिशवीला आवळते, आणि स्तन कठीण, वेडावाकडा व दुखरा होतो. ह्या आकुंचनाची बेकर यांनी केलेली चार पायऱ्यांची प्रतवारी जगभर वापरली जाते. तिच्या वरच्या पायऱ्यांवरील स्त्रीला बहुधा दुसऱ्या शस्त्रक्रियेस सामोरे जावे लागते.

लसिकापेशींचा एक विरळा कर्करोगही ह्याच वेष्टनाशी निगडित आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याविषयी 2011 साली प्रथम सावधगिरीची सूचना दिली. तो मुख्यत्वे खरबरीत पृष्ठभागाच्या पिशव्यांसंबंधात आढळतो, असे दिसून आल्यावर 2019 च्या जुलैत अशा पिशव्यांचा एक प्रमुख प्रकार बाजारातून परत घेण्यात आला. हा स्तनग्रंथीचा कर्करोग नव्हे. तो वेळीच ओळखला गेला तर पिशवी व वेष्टन काढून टाकणे अनेकदा पुरेसे ठरते. परंतु वेष्टन नावाची काही गोष्ट आपल्या शरीरात आहे, हेच जिला 'रोपण' ह्या शब्दाने कळले नाही, तिने वर्षांनंतर एका बाजूला अचानक आलेल्या सुजेचा अर्थ कसा लावावा? त्याच प्रशासनाने 2021 साली ह्या पिशव्यांवर चौकटीतील ठळक इशारा छापणे बंधनकारक केले. पिशव्या आयुष्यभर टिकणाऱ्या नाहीत आणि जितका काळ त्या शरीरात राहतील तितका उपद्रवाचा संभव वाढतो, हा त्याचा एक भाग. सिलिकोनची पिशवी मुकाट्याने फुटली आहे काय हे पाहण्यासाठी पाच-सहा वर्षांनी पहिली व नंतर दर दोन-तीन वर्षांनी चुंबकीय अथवा श्राव्यातीत तपासणी करावी, अशीही त्याची शिफारस आहे. 'वर्धन' हे एकदा घडून संपणारे कृत्य वाटते. प्रत्यक्षात तो एक दीर्घ सांभाळ आहे, आणि त्याचा खर्चही पहिल्या दिवशीच्या बिलात मावत नाही.

ह्या पिशवीचा इतिहासही संमतीच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे 1962 साली क्रोनिन व जेरो ह्या शल्यविशारदांनी सिलिकोनच्या लगद्याची पिशवी प्रथम बसविली. ती ज्या स्त्रीला बसविली, ती रुग्णालयात छातीवरील गोंदण काढून घेण्यासाठी गेली होती. डॉक्टरांनीच ह्या नव्या शस्त्रक्रियेविषयी तिला विचारले. आपले पुढे आलेले कान मागे बसवून मिळावेत, एवढीच तिची इच्छा होती. दोन्ही शस्त्रक्रिया झाल्या. पुढे 1982 साली अमेरिकेतील ह्या शाखेच्या शल्यविशारदांच्या संघटनेने लहान स्तन हा वस्तुतः एक रोग आहे, असे प्रतिपादन शासनापुढे केले. ग्रीक प्रत्यय लावून 'मायक्रोमॅस्टिया' असे नाव दिले की निरोगी शरीराची एक ठेवण रोगांच्या यादीत जाऊन बसते, याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

नावाचे सामर्थ्य 1992 साली पुन्हा दिसले. त्या वर्षी अमेरिकेत सिलिकोनच्या लगद्याच्या पिशव्यांवर निर्बंध आले. परंतु कर्करोगामुळे काढलेल्या स्तनाच्या पुनर्रचनेसाठी नियंत्रित वापराची मुभा राहिली. पिशवी तीच, हात तोच. 'पुनर्रचना' म्हटले की मुभा, 'वर्धन' म्हटले की मनाई. हे निर्बंध 2006 साली उठले. फ्रान्समधील 'पिप' ह्या कंपनीने औद्योगिक वापराचे सिलिकोन पिशव्यांत भरल्याचे 2010 साली उघड झाले व 2013 मध्ये तिच्या संस्थापकास शिक्षा झाली, तेव्हा तर 'सिलिकोन' ह्या एका शब्दाखाली किती निराळे पदार्थ दडू शकतात, हे हजारो स्त्रियांना आपल्याच शरीरावरून कळले.

गंमत अशी की, ज्याला 'रोपण' म्हणणे यथार्थ ठरेल, ती शस्त्रक्रिया वेगळीच आहे. पोटाची अथवा मांडीची चरबी शोषून घेऊन ती स्तनात थोडीथोडी टोचतात. ह्या पेशी जिवंत असतात. नव्या जागी रक्तपुरवठा मिळाला तर त्या खरोखरच रुजतात, न मिळाला तर मरतात. काही भाग शरीरात विरून जातो, म्हणून ही क्रिया कधी पुन्हा करावी लागते. मेलेल्या चरबीच्या गाठी क्ष-किरण तपासणीत गोंधळ उडवतील, या भीतीने 1987 साली अमेरिकन संघटनेने तिला विरोध केला होता. तो पुढे मावळला. ह्या मार्गाने होणारी वाढ बेताचीच असते.

उन्नयनाविषयी फार लिहिण्याजोगे नाही. ओघळलेल्या स्तनाची जादा त्वचा कापून उरलेला भाग वर बांधला जातो. त्यामुळे आकारमान वाढत नाही, आणि वय, वजन व गुरुत्वाकर्षण आपले काम पुढे चालूच ठेवतात.

न्यूनीकरण हे ह्या साऱ्यांत वेगळ्या पंक्तीचे. अतिभाराने मान व पाठ सतत दुखणे, काचोळीच्या पट्ट्यांनी खांद्यावर घळ पडणे, स्तनाखालची कातडी घामाने सोलवटणे, ही दुखणी ज्यांना आहेत त्यांच्यासाठी त्याला केवळ सौंदर्यशस्त्रक्रिया म्हणणे अन्यायाचे होईल. त्यात ग्रंथी, चरबी व त्वचा कमी करतात आणि स्तनाग्र त्याला रक्त पुरविणाऱ्या ऊतीसह वर सरकवितात. व्रण मात्र मोठा राहतो : मंडलाभोवती, तेथून खाली, आणि बहुधा स्तनाखालच्या घडीतही.

संमती खरी ठरावयाची तर उपचाराचे स्वरूप, त्याला असलेले पर्याय व धोके यांची पुरेशी माहिती रुग्णास दिलेली असली पाहिजे, आणि एका क्रियेची संमती दुसरीस लागू पडत नाही, असे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली स्पष्ट केले. मराठी संमतिपत्रात 'स्तनवर्धनाकरिता रोपण' असे लिहून ही अट पुरी होते काय? 'छातीत सिलिकोनची पिशवी बसविणे. ती कधीतरी बदलावी अथवा काढावी लागणे संभवते' हे वाक्य लांब आहे, भारदस्त नाही. पण कोणत्याही स्त्रीला ते कळेल. बोलताना मराठी स्त्री 'स्तन' हा शब्द क्वचितच उच्चारते. ती 'छाती' म्हणते. 'स्तनपान' न म्हणता 'अंगावर पाजणे' म्हणते. तरुण स्त्रीचा पहिला प्रश्नही बहुधा त्याच शब्दांत येतो : पुढे बाळाला अंगावर पाजता येईल का? पिशवी बसविलेल्या पुष्कळ स्त्रियांना पाजता येते. दूध अपुरे पडण्याचा संभव मात्र वाढतो, आणि छेद मंडलाच्या कडेला असेल तर अधिकच. न्यूनीकरणात दूध वाहून नेणाऱ्या नलिका स्तनाग्राशी किती जोडलेल्या राहिल्या, यावर उत्तर अवलंबून असते. स्तनाग्र संपूर्ण सुटे करून पुन्हा बसविले असेल तर त्या बाजूने पाजण्याची आशा धरता येत नाही.