सगळ्यांचे डबे भरले, आणि तुमचा?

सकाळचे साडेसात वाजलेले असतात. ओट्यावर चार डबे उघडे. मोठीला कॉलेजात न्यायला भाजी-पोळी आणि वर शंकरपाळे, धाकट्याला तूप लावून केलेली गुळाची पोळी, ह्यांना भाजी-पोळी, कोशिंबीर आणि दही. तीन डबे भरून होतात, झाकणं लागतात. मग चौथा डबा. कढईच्या तळाशी राहिलेली भाजी खरवडून त्यात जाते. शेवटची, जरा करपलेली पोळी जाते. काल रात्रीचा भात टाकवत नाही, म्हणून त्याला फोडणी मिळते. लोणच्याची एक फोड. झाला आपला डबा!

मैत्रिणींनो, खरं सांगा, हा चौथा डबा तुमच्याही ओळखीचा आहे ना?

मी पंचवीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली वीस वर्षं तरी असाच डबा नेला. त्यात आपलं काही चुकतंय असं कधी वाटलंच नाही. उलट अन्न वाया जाऊ देत नाही, याचा थोडा अभिमानच होता. २०१८ सालच्या पावसाळ्यात मात्र कचेरीचा जिना चढताना धाप लागायला लागली. दुपारी तीननंतर आकडे डोळ्यांपुढे नाचायचे. केस गळत होते, चिडचिड तर विचारूच नका. मी म्हणायची, 'वय झालं, दुसरं काय!' एक दिवस जिन्यातच चक्कर आली आणि शेजारच्या टेबलावरच्या वहिनींनी मला धरून खाली बसवलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.८. बाईचं ते किमान १२ असायला हवं.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि मग विचारलं, "दुपारी काय जेवता?" मी सांगायला लागले आणि सांगता सांगता माझी मलाच लाज वाटली.

घरी आल्यावर सासूबाईंच्या कानावर घातलं. त्यांनी माझा डबा घासायला घेताना आतला उरलेला भात पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, हा डबा तू स्वतःसाठी भरला होतास की गाईसाठी?" बोलणं टोचलं खरं, पण त्या एका वाक्यानं माझे डोळे उघडले.

हे एकटीचं दुखणं नव्हे

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के बायकांना रक्तक्षय, म्हणजे ॲनिमिया, असल्याचं आढळलं. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. म्हणजे तुमच्या कचेरीत दहा जणी डबे उघडून बसत असाल, तर त्यातल्या पाच जणींचं रक्त कमी असण्याचा संभव आहे. आणि त्या पाचही जणी 'थोडा थकवा आहे, बाकी काही नाही' असंच म्हणत असतील!

आणखी एक गोष्ट ऐका. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं २०२० साली कोणी किती पोषण घ्यावं याचे आकडे दिले. त्यात पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह सांगितलं आहे आणि बाईला २९. दर महिन्याला रक्त जातं, त्याची भरपाई नको का? आता आपल्या घरात चांगला डबा कोणाचा असतो आणि उरलासुरला कोणाचा, ते आठवा. ज्याची गरज जास्त, त्याच्याच डब्यात कमी, असा हा उलटा हिशेब आहे.

डब्याचं साधं गणित

डबा जड हवा असं नाही, नेमका हवा. आपल्या नेहमीच्या डब्यात पोळी आणि भात भरपूर असतात. कमी पडतात ती प्रथिनं, भाज्या आणि आंबट-ताजं काहीतरी.

एक उदाहरण घेऊ. दोन पोळ्या, बटाट्याची भाजी आणि लोणचं, असा डबा नेला तर त्यातून जेमतेम आठ ग्रॅम प्रथिनं मिळतात. साधारण ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला ४५-४६ ग्रॅम लागतात. त्याच दोन पोळ्यांबरोबर वाटीभर घट्ट उसळ, छोटी वाटी दही आणि दोन चमचे शेंगदाण्याची चटणी घेतली, की हाच आकडा वीसच्या आसपास जातो. खर्च फार वाढला का? नाही. चार वाजता 'काहीतरी चटपटीत' मागवावंसं वाटतं, ते मात्र आपोआप कमी होतं. पोट नुसतं भरणं वेगळं आणि धरून राहणं वेगळं!

म्हणून डबा भरताना मनाशी चार प्रश्न विचारायचे. पोळी किंवा भाकरी आहे का? डाळ, उसळ, बेसन, अंडं, पनीर यांपैकी एक तरी आहे का? भाजी पोळीच्या बरोबरीनं आहे, की नुसती तोंडी लावण्यापुरती? आणि लिंबाची फोड, टोमॅटो, पेरू, आवळा असं काही ताजं आहे का?

हा शेवटचा प्रश्न विसरू नका हं. पालेभाजी, डाळी, बाजरी यांतलं लोह शरीराला सहजी घेता येत नाही. सोबत 'क' जीवनसत्त्व असलं तर ते जास्त घेतलं जातं. उसळीवर लिंबू पिळायची आपल्याकडची पद्धत नुसती चवीची नाही. मात्र लिंबू घरून पिळून नेऊ नका, फोड न्या आणि जेवताना पिळा.

आणि चहा! आमच्याकडे डब्याचं झाकण लागायच्या आत चहा हजर असायचा. चहा-कॉफीतले टॅनिन अन्नातलं लोह अडवतात. जेवणाआधी आणि जेवणानंतर निदान तासभर चहा नको. मी साडेतीनवर नेला. पहिले आठ दिवस जड गेले, मग सवय झाली.

आदल्या रात्रीची पंधरा मिनिटं

तुम्ही म्हणाल, 'सांगायला सोपं आहे, पण सकाळी वेळ कुठून आणायचा?' अगदी बरोबर. सकाळी वेळ नसतोच. म्हणून हे काम रात्री करायचं.

रविवारी दोन-तीन वाट्या मटकी किंवा मूग भिजत घाला. सोमवारी सकाळी उपसून फडक्यात बांधा. मंगळवारी मोड येतात. फ्रिजमध्ये ठेवले तर आणखी दोन-तीन दिवस पुरतात. पालेभाजी रात्रीच निवडून ठेवा, मात्र धुवायची आणि चिरायची सकाळी. दाण्याची, तिळाची किंवा कारळ्याची कोरडी चटणी एकदा कुटून ठेवली की आठवडाभर चिंता नाही. थालीपिठाची भाजणी घरात असू द्या, पंधरा मिनिटांत डबा तयार होतो.

आणि भाजी निवडायला एकटीच बसू नका. टीव्हीसमोर बसलेल्यांच्या पुढ्यात मेथीची जुडी आणि ताट सरकवून बघा. आमच्याकडे 'हे' आता लसूण सोलण्यात चांगलेच तरबेज झाले आहेत.

आठवड्याचे सहा डबे

सोमवार : भाजणीची दोन थालीपिठं, वेगळ्या डबीत दही, एक काकडी.

मंगळवार : पोळ्या, मोडाच्या मटकीची कोरडी उसळ, गाजराचे तुकडे, लिंबाची फोड.

बुधवार : ज्वारीची भाकरी, मूगडाळ घालून मेथीची भाजी, दाण्याची चटणी, टोमॅटो. भाकरीचं पीठ गरम पाण्यात मळून गरम असतानाच वर थोडं लोणी लावलं, तर दुपारपर्यंत मऊ राहते.

गुरुवार : बाजरीची भाकरी, कांदा घालून झुणका, मुळा किंवा कांद्याची पात, एक पेरू. उन्हाळ्यात बाजरीऐवजी ज्वारी घ्या.

शुक्रवार : पोळ्या, दोन अंड्यांची भुर्जी. अंडं चालत नसेल तर पनीरची. त्यात सिमला मिरची, टोमॅटो सढळ हातानं. एका अंड्यातून सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात.

शनिवार : दहीभात, त्यात किसलेलं गाजर आणि वर भाजलेले शेंगदाणे. यासाठी सकाळी केलेला ताजा भात कोमट करून त्यात दूध आणि दोन चमचे दही कालवा. दुपारपर्यंत छान विरजतं आणि आंबट होत नाही.

चार वाजताच्या भुकेसाठी पर्समध्ये फुटाणे-शेंगदाण्यांची पुडी आणि गुळाचा लहानसा खडा असू द्या. बिस्किटांपेक्षा हे कितीतरी बरं.

डबा बिघडू नये म्हणून

शिजवलेलं अन्न बाहेरच्या हवेत दोन तासांहून जास्त ठेवू नये असं शास्त्र सांगतं, आणि आपला डबा तर पाच-सहा तास तसाच असतो. म्हणून कचेरीत फ्रिज असेल तर गेल्या गेल्या त्यात ठेवा. नसेल तर भाजी कोरडी आणि पूर्ण शिजलेली न्या. उन्हाळ्यात ओलं खोबरं टाळा, त्याऐवजी भाजलेलं सुकं खोबरं किंवा दाण्याचं कूट वापरा.

रात्रभर ओट्यावर राहिलेला भात मात्र डब्यात नकोच. फोडणी दिली की तो ताजा झाला असं आपण समजतो. पण भात शिजल्यावरही त्यात काही जंतूंची बीजं टिकून राहतात आणि बाहेर ठेवलेल्या भातात ती वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. उरलेला भात तास-दोन तासांत फ्रिजमध्ये टाका.

पोळ्या तव्यावरून थेट डब्यात घालू नका. जाळीवर पसरून वाफ जाऊ द्या, मग सुती फडक्यात गुंडाळा. वर्तमानपत्रात तर मुळीच गुंडाळू नका. छपाईची शाई अन्नाला लागते, आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१६ सालीच याविरुद्ध सूचना काढली आहे. डबा स्टीलचा उत्तम. गरम भाजी प्लॅस्टिकमध्ये भरू नये.

नुसत्या डब्यानं भागेल का?

नाही. हेही स्पष्ट सांगायला हवं. पाळीत जास्त रक्त जाणं, जंत, 'ब-१२' जीवनसत्त्वाची कमतरता, अशी रक्तक्षयाची कारणं निरनिराळी असतात. 'ब-१२' तर दूध, अंडी, मांस-मासे यांतूनच मिळतं. पालेभाजी कितीही खाल्ली तरी त्यानं भागत नाही. तेव्हा सतत थकवा, धाप, चक्कर असेल तर आधी रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पुऱ्या करा. मी पहिल्या खेपेला पंधरा दिवसांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या होत्या आणि पुन्हा तिथंच आले होते. दुसऱ्या खेपेला गोळ्या आणि डबा दोन्ही नेमानं सांभाळले. सहा महिन्यांनी आकडा ११.९ वर आला. तोच जिना मी न थांबता चढले, त्या दिवशीचा आनंद काय सांगू!

आमच्या घरात आता एक नियम आहे. पोळ्या झाल्या की सगळे डबे शेजारी शेजारी मांडायचे आणि भाजी एकाच पळीनं सगळ्यांत सारखी वाढायची. उरलंसुरलं असेल तर रात्री सगळ्यांनी मिळून संपवायचं. सुरुवातीला मला उगाचच अपराधी वाटायचं, जणू मी घरातल्यांच्या तोंडचं काढून घेतेय. प्रत्यक्षात कोणालाही काही कमी पडलं नाही. उलट लेक एकदा म्हणाली, "आई, तू हल्ली संध्याकाळी ओरडत नाहीस गं!"

तेव्हा मैत्रिणींनो, उद्या सकाळी ओट्यावर डबे मांडाल, तेव्हा एक गंमत करून बघा. सगळ्यांत आधी आपला डबा भरा. आठवडाभर करा, आणि शनिवारी दुपारी चार वाजता तुम्हाला कसं वाटतंय, ते स्वतःलाच विचारा.