घरच्या पीसीबीचं तांबं जातं कुठे?

घरी पीसीबी (सर्किटचा छापील बोर्ड) करायचं म्हटलं की लोक ‘अ‍ॅसिड’ला घाबरतात. नको असलेलं तांबं विरघळवायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळणारं फेरिक क्लोराइड हा खरं तर क्षार आहे, त्याचं द्रावण मात्र आम्लधर्मी असतं. पूड पाण्यात टाकावी, पुडीवर पाणी ओतू नये, कारण विरघळताना ती तापते. ट्रे प्लास्टिकचा, हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा. स्टीलच्या सिंकला ते खड्डे पाडतं आणि कपड्यावरचा डाग काही केल्या जात नाही. एवढं सांभाळलं तर ही पायरी अवघड नाही.

घोळ होतो तो नंतर. ‘भरपूर पाणी सोडून मोरीत ओतलं की झालं’ हा या छंदातला सगळ्यात घातक समज. नेहमीच्या बोर्डावर तांब्याचा थर ३५ मायक्रॉन असतो. म्हणजे १० × १० सेंटीमीटरच्या एकतर्फी बोर्डावर साधारण ३ ग्रॅम तांबं. त्यातलं जे काढलं जातं ते नाहीसं होत नाही, द्रावणात उतरतं. तांब्याचे क्षार मासे आणि इतर जलचरांना विषारी असतात. पाणी वाढवल्याने ते पातळ होतात, कमी होत नाहीत.

‘खायचा सोडा टाकला की निर्धोक’ हेही अर्धंच खरं. सोड्याने आम्लता जाते आणि तांबं गाळ होऊन खाली बसतं. पण ते त्या गाळातच असतं. (फेसाळतं, म्हणून बाटलीचं झाकण लगेच लावू नका.) गाळ सुकवून घरगुती घातक कचऱ्यात द्यायचा. त्यापेक्षा सोपं म्हणजे द्रावण दरवेळी टाकूच नये. एकच द्रावण बऱ्याच बोर्डांना पुरतं, ते मंद झालं की कोमट करून हलवत राहायचं. शिवाय डिझाइनमधली रिकामी जागा ग्राउंडच्या तांब्याने भरून टाकली, तर विरघळवायचं तांबंच कमी उरतं.

आता त्याआधीच्या पायरीबद्दल, म्हणजे डिझाइनची प्रिंट इस्त्रीने तांब्यावर उतरवण्याच्या पद्धतीबद्दल. प्रिंट लेझर प्रिंटरचीच हवी, कारण टोनर हे प्लास्टिक असतं आणि इस्त्रीने वितळून तांब्याला चिकटतं. इंकजेटच्या शाईला ते जमत नाही. ‘प्रिंट नेहमी आरशातली उलटी काढा’ या सल्ल्याने मात्र अनेकांचे बोर्ड वाया जातात. किकॅडसारखं पीसीबी डिझाइनचं सॉफ्टवेअर खालचा थरसुद्धा वरून पाहिल्यासारखा दाखवतं. म्हणून तांबं खालच्या बाजूला असलेल्या बोर्डाची प्रिंट सरळच काढायची, इस्त्री तिला उलटवते. आरसा लागतो तो वरच्या थराला. खात्रीसाठी तांब्याच्या थरात एक अक्षर ठेवा. तयार बोर्डावर ते सरळ वाचता आलं पाहिजे.

‘एसएमडी (भोकांशिवाय बोर्डाच्या पृष्ठावरच सोल्डर होणारे भाग) घरी जमत नाही’ म्हणणाऱ्यांनी भोकं पाडण्याचे कष्ट आठवावेत. ०.८ मिलीमीटरची डझनावारी भोकं पाडायची, त्यात फायबरग्लासची धूळ नाकात जाऊ नये म्हणून मास्क. १.२७ मिलीमीटर अंतराच्या पायांची चिप सोल्डर करणं त्याहून सुखाचं.

आणि घरी कधी करावं? एखाद-दुसरा बोर्ड आजच तपासायचा असेल, तर घरीच करावा. दहा बोर्ड हवे असतील, दोन्ही बाजू जोडणारी धातू चढवलेली भोकं आणि हिरवा सोल्डर मास्कही हवा असेल, तर फाइल कारखान्याला पाठवावी.